आभाळाच्या भागीदारीतला तिसरा भागीदार

दिवाळीत पोरे बाटलीत बाण उभा करतात, वात पेटवतात आणि मागे पळतात. बाण सूंऽऽ करीत वर जातो, तारे उधळतो आणि अंगणातल्या सगळ्या माना वर होतात. त्याची जळकी काडी मात्र कुठे पडली, हे बघायला कोणी जात नाही. ती शेजारच्या कौलांवर पडली तर ठीक. पण धानाच्या पुंजण्यावर पडली तर वर्षाची कमाई घटकाभरात राख! म्हणून गावाचा न्याय साधा आहे. ज्याने बाण लावला, काडीचा जाब त्याने द्यावा.

आता हाच न्याय थोडा उंच नेऊन पाहू या. कारण आमच्या झाडीपट्टीत खरोखरीच्या अग्निबाणाची काडी एकदा पडून गेली आहे.

२ एप्रिल २०२२, शनिवार. गुढीपाडव्याचा दिवस. गुढ्या उतरल्या होत्या, जेवणे चालली होती. रात्री पावणेआठच्या सुमारास आभाळातून जळत्या गोळ्यांची रांगच्या रांग सरकताना दिसली. विदर्भातच नव्हे, तर मध्य प्रदेशात व गुजरातेतही लोकांनी ती पाहिली. कोणी म्हणाले उल्का, कोणी म्हणाले विमान पेटले. तेवढ्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावातील मोकळ्या जागेत धातूचे एक भलेमोठे कडे येऊन आदळले. त्याचा व्यास सुमारे दहा फूट. बैलगाडीच्या चाकाने लाजावे असे! पुढील काही दिवसांत पवनपारच्या व आसपासच्या इतर गावांच्या शिवारांत आणि जंगलात धातूचे पोकळ गोळेही सापडले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. पोलीस आले, महसूल खात्याची माणसे आली, मागाहून इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन तुकडे तपासून गेले. अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी हिशेब मांडून सांगितले की, हे बहुधा फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या ‘चांग झेंग ३ बी’ या चिनी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष असावेत. त्या टप्प्याचा व्यास तीन मीटर. आमच्या कड्याचे मापही तेवढेच.

एक वर्षापूर्वी उडालेला बाण आता कसा पडला, असे वाचक विचारतील. गंमत अशी की, वरचा टप्पा उपग्रहाला सोडून देतो आणि स्वतः लंबवर्तुळाकार कक्षेत फिरत राहतो. प्रत्येक फेरीत पृथ्वीजवळ आला की विरळ हवेला घासतो, थोडा वेग गमावतो, आणि कक्षा हळूहळू आखडत जाते. शेवटी एके दिवशी तो सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास वेगाने दाट हवेत शिरतो आणि भाजून निघतो. बहुतेक भाग वितळून जातात. गोळ्यांचे मात्र तसे होत नाही. इंधन इंजिनाकडे रेटण्यासाठी त्यांत वायू दाबून भरलेला असतो, म्हणून ते फार चिवट बनवितात. शिवाय ते पोकळ व हलके असल्याने हवेत लवकर मंदावतात आणि शाबूत खाली येतात.

बरे, तो कुठे पडणार हे आधी सांगता येऊ नये काय? नाही येत. सूर्य तापट झाला की वरची हवा फुगते, तो निवला की आकसते, आणि अंदाज चुकतो. या वेगाने वेळेत एका तासाची चूक म्हणजे ठिकाणात अठ्ठावीस हजार किलोमीटरची चूक. पृथ्वीचा घेर चाळीस हजार आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे लाडबोरीचे नाव आधी कोणीच का घेऊ शकले नाही, ते कळेल.

ही गोष्ट आजच सांगण्याचे कारण वेगळेच आहे. लाडबोरीचे कडे पडले त्याला सात आठवडेही झाले नव्हते, तोच १९ मे २०२२ रोजी आमच्या शेजारच्या नागपुरात एक अग्निबाण-इंजिन पेटविले गेले. हैदराबादच्या स्कायरूट या खाजगी कंपनीच्या ‘विक्रम-१’ बाणाचा तो तिसरा टप्पा. ‘कलाम-१००’ हे त्याचे नाव. नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीज या स्फोटके बनविणाऱ्या कारखान्याच्या आवारात ते जमिनीला जखडून १०८ सेकंद जाळून पाहिले. म्हणजे ज्या विदर्भात बाणाची काडी पडली, त्याच विदर्भात बाण घडविण्याचे कामही चालू झाले होते.

खाजगी कारखानदार या उद्योगाला नवखे नाहीत. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरने अग्निबाणांची पोलादी कवचे घडविली. विक्रोळीच्या गोदरेजने इंजिने बनविली. पण नकाशा सरकारचा, पैसा सरकारचा आणि जबाबदारीही सरकारची. कारखानदाराने फक्त घडवून द्यायचे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने अवकाशाचे दार खाजगी उद्योगांना मोकळे केले आणि परवानगी व साह्य देण्यासाठी ‘इन-स्पेस’ ही संस्था स्थापन केली, तेव्हा हे नाते पालटले. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी स्कायरूटचा ‘विक्रम-एस’ श्रीहरिकोट्याहून साडेएकोणनव्वद किलोमीटर उंच जाऊन बंगालच्या उपसागरात पडला. ३० मे २०२४ रोजी चेन्नईच्या अग्निकुल कंपनीने आपला बाण उडविला. त्याचे इंजिन यंत्राने थरावर थर छापून अखंड एकाच तुकड्यात तयार केलेले होते. सरकार तळ देते, चाचणीची साधने देते, अनुभव देते. खाजगी माणूस भांडवल घालतो, धाडस करतो. भागीदारी म्हणतात ती हीच, आणि ती मला मनापासून पसंत आहे.

पण कोणताही भागीदारीचा कागद पाहा. नफा कसा वाटायचा याची कलमे पहिल्या पानावर असतात, तोट्याची शेवटच्या पानावर. हा कागदही शेवटच्या पानापर्यंत वाचायला हवा.

१९६७ च्या अवकाश-करारानुसार एखाद्या देशातील खाजगी कंपनीने अवकाशात जे केले, त्याला तो देश जबाबदार असतो. १९७२ च्या दुसऱ्या कराराने नुकसानभरपाईचा नियम बांधून दिला. बाण उडविणाऱ्या देशाची वस्तू जमिनीवर पडून हानी झाली, तर चूक सिद्ध झाली नाही तरी त्या देशाने भरून द्यावे. भारत या दोन्ही करारांत सामील आहे. २४ जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत रशियाचा अणुभट्टी असलेला ‘कॉसमॉस ९५४’ उपग्रह कॅनडाच्या निर्जन उत्तर भागात कोसळला. किरणोत्सर्गी तुकडे वेचता वेचता कॅनडा सरकार जेरीस आले. शेवटी १९८१ साली रशियाने तीस लाख कॅनेडियन डॉलर देऊन प्रकरण मिटविले. म्हणजे लाडबोरीच्या कड्याने कोणाचे घर मोडले असते, तर भारत सरकारला दुसऱ्या सरकारकडे दावा मांडायला कागद तरी होता.

पण थांबा. तोच १९७२ चा करार पुढे म्हणतो की, बाण उडविणाऱ्या देशाच्या स्वतःच्या नागरिकांना हा नियम लागू नाही. परक्याचा बाण आमच्या घरावर पडला तर आंतरराष्ट्रीय कायदा आमच्या बाजूने उभा राहील. आपलाच बाण आपल्याच घरावर पडला तर तो हात झटकून मोकळा! तेव्हा देशाचा कायदाच कामी यायचा. २०१७ साली अवकाश-व्यवहारांच्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवण्यात आला होता. २०२३ साली भारतीय अवकाश धोरण आले. धोरण वाट दाखविते हे खरे, पण भरपाई मागणाऱ्या माणसाच्या हातात कायद्याचे कलम असावे लागते.

आमच्या जिल्ह्यांत या गोष्टीचे मोल चटकन कळते. वाघाने गाय मारली तर वनरक्षक येतो, पंचनामा होतो, ठरलेल्या नियमाने भरपाई मिळते. उशीर होतो, खेटे घालावे लागतात, पण कोणाच्या दारात जायचे ते गावातल्या पोराला ठाऊक असते. आभाळातून पडलेल्या कड्याचा पंचनामा कोणत्या दारात न्यायचा? आणि माणसे इथे घरात थोडीच बसून असतात! एप्रिलात पहाटे बायामाणसे मोहफुले वेचायला जंगलात असतात, मे महिन्यात तेंदूपानाला गावेच्या गावे बाहेर पडतात. दिवाळी झाली आणि धान घरात आले की वडशाच्या नाटक मंडळ्या निघतात आणि रात्रभर मंडपांत हजारो प्रेक्षक बसतात. नकाशावर हा भाग हिरवा व रिकामा दिसतो. तो रिकामा नाही.

परक्याकडेच बोट दाखवून भागायचे नाही. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला एक मोठे पिंप लागले. ते भारताच्या पीएसएलव्ही बाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे असावे, असा निष्कर्ष तिथल्या अवकाश संस्थेने काढला. चांद्रयान-३ ला ज्या बाणाने नेले, त्याचा वरचा टप्पा १५ नोव्हेंबर २०२३ रोजी अनियंत्रितच वातावरणात शिरला. उत्तर पॅसिफिक महासागरावर त्याचा शेवट झाला, हे आपले भाग्य.

मग उपाय काय? बाण लावायचेच नाहीत? छे! उपाय तंत्रातच आहे. टप्प्यात थोडे इंधन राखून ठेवायचे, काम संपले की इंजिन पुन्हा पेटवायचे आणि त्याला समुद्रावर खाली आणायचे. भाग असे बनवायचे की वर चिवट राहावेत, पण परतताना वितळून जावेत. अडचण एवढीच की, राखून ठेवलेल्या इंधनाला वजन असते आणि बाणात प्रत्येक किलोला दाम असतो. नवा कारखानदार आधीच पैशापैशाला जपत असतो. तो आपणहून हा भार कशाला घेईल? इथेच सरकारी भागीदाराने खंबीर राहून परवान्यातच अट घातली पाहिजे, आणि ती पाळण्याचे तंत्र सर्वांना खुले करून दिले पाहिजे.

हे हवेतले इमले नाहीत. ७ मार्च २०२३ रोजी इस्रोने ‘मेघा-ट्रॉपिक्स-१’ हा जुना उपग्रह उरल्यासुरल्या इंधनावर नेमका प्रशांत महासागरावर उतरविला. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा एरवी भंगारच. इस्रोने त्याची ‘पोएम’ नावाची फिरती प्रयोगशाळा केली. डिसेंबर २०२४ मध्ये गेलेल्या ‘पोएम-४’ वर चोवीस प्रयोग होते, त्यांतले दहा खाजगी कंपन्यांचे व शिक्षणसंस्थांचे. तिच्यावर चवळीच्या बियांना चक्क कोंब फुटले! मुंबईच्या मानस्तु स्पेस या कंपनीचे एक लहान इंजिनही त्यावर होते. ही मंडळी हायड्रॅझिन या विषारी इंधनाऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणारी इंजिने करतात. काम आटोपल्यावर ४ एप्रिल २०२५ रोजी ‘पोएम-४’ हिंदी महासागरावर खाली आली. एप्रिल २०२४ मध्ये भारताने जाहीर केले आहे की, २०३० पर्यंत आपल्या सरकारी व खाजगी सर्व अवकाश-मोहिमा कचरामुक्त असाव्यात. माझ्या मते आगामी काळातील अवकाश-संशोधनाची खरी कसोटी ही आहे. वर जाण्याची विद्या आपल्याला येते. आता नीट खाली येण्याची विद्या शिकायची आहे.

आणि वरचे यंत्र आम्हाला नको आहे असे कोणी समजू नये. उन्हाळ्यात गडचिरोलीच्या जंगलात वणवा लागला की उपग्रहाला तो दिसतो आणि डेहराडूनच्या वन सर्वेक्षण संस्थेकडून वनखात्याच्या माणसांच्या फोनवर सूचना येते. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडची वाट बंद होते. अशा वेळी आकाशातला डोळा हाच सोबती. ऑगस्ट २०२५ मध्ये पिक्सेल व तिच्या सहकारी खाजगी कंपन्यांची निवड झाली. त्यांनी बाराशे कोटींहून अधिक रुपये घालून पृथ्वीची पाहणी करणारे बारा उपग्रह उभारायचे, सरकारने पाठबळ द्यायचे, अशी ती योजना आहे. त्या उपग्रहांनी आमचे धान पाहावे, तलाव पाहावेत, जंगल पाहावे. स्वागत आहे!

फक्त एवढे विसरू नये की, या व्यवहारात सरकार आणि कारखानदार असे दोनच भागीदार नाहीत. ज्याच्या डोक्यावरून हे सगळे फिरते, तो तिसरा. त्याने भांडवल घातलेले नाही, पण त्याचे छप्पर गहाण आहे. त्याचे मागणे फार मोठे नाही. तुकडा पडला तर कोणाला कळवायचे, ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेले असावे. अनोळखी टाकीला वा गोळ्याला हात लावू नये, त्यात विषारी इंधन उरलेले असू शकते, पोरांना दूर ठेवावे आणि पोलीस पाटलाला व तहसील कचेरीला वर्दी द्यावी, एवढे शाळेत शिकविले जावे. आणि नुकसान झालेच, तर बाण चिनी होता की आपला, सरकारी होता की खाजगी, याचा खल दिल्लीत खुशाल चालू द्यावा. गावकऱ्याला त्याचे छप्पर त्याआधी मिळावे.

चंद्रपूर हे नावच चंद्राचे. इथल्या पोरांनी उद्या अग्निबाण घडवावेत, चंद्रावर जावे, त्याही पलीकडे जावे. आमच्या कौलांना धक्का न लावता जावे, इतकेच.