रबराचं वय किलोमीटरमध्ये मोजत नाहीत

फेब्रुवारी २०२०. मोनॅकोतल्या एका रस्त्यावर फेरारी एफ४० मागच्या बाजूने धडधडून पेटली होती. वरच्या गॅलरीतून कुणीतरी झाडांना पाणी घालायच्या पाइपने तिच्यावर धार सोडत होतं. ही दृश्यं जगभरच्या मोटारप्रेमींनी हळहळत पाहिली. धार पडत राहिली, आग वाढत राहिली. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असल्याने ते पाण्यावर तरंगत पुढे सरकतं आणि सरकतानाही जळतं. शिवाय एफ४०चं अंग पत्र्याचं नाही. कार्बन आणि केव्हलारचे धागे रेझिनमध्ये बसवून ते घडवलेलं असतं, आणि रेझिनही पेट घेतं.

एन्झो फेरारी यांच्या हयातीत आलेल्या अगदी शेवटच्या गाड्यांपैकी ही एक. कंपनीच्या चाळिशीनिमित्त १९८७ मध्ये ती लोकांसमोर आली, आणि १९९२ पर्यंत साधारण तेराशे गाड्या बनल्या. अशी गाडी जळताना पाहिली की 'नशीब' हा शब्द सहज तोंडात येतो. पण जुन्या स्पोर्ट्स कारमधली आग बहुतेक वेळा वर्षानुवर्षं शिजत असते, आणि ती कुठे शिजते हे नीट शोधलं तर सापडतं.

शोध सुरू करायचा तो पेट्रोलच्या टाकीपासून. एफ४०मध्ये डाव्या-उजव्या बाजूला साठ-साठ लिटरच्या दोन टाक्या आहेत. त्या पत्र्याच्या नसून रबर चढवलेल्या कापडाच्या पिशव्या आहेत, शर्यतीच्या गाड्यांत आणि हेलिकॉप्टरांत असतात तशा. अपघातात त्या चेपतात, पण सहसा फाटत नाहीत. मात्र या पिशवीचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं. त्यानंतर रबर कडक होतं, शिवणी झिरपू लागतात, आतल्या फोमचा भुगा होऊन फिल्टरमध्ये अडकतो. गाडी वर्षभर धावली काय किंवा वातानुकूलित गॅरेजमध्ये कापडाखाली झाकून ठेवली काय, पिशवीचं वय वाढतच राहतं.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याची नजर आधी मीटरवर जाते. 'तीस वर्षांत फक्त आठ हजार किलोमीटर' हे ऐकून तो खूश होतो. रबराच्या दृष्टीने ही बातमी फारशी चांगली नाही. पेट्रोलच्या नळीतलं रबर लवचीक राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्यं मिसळलेली असतात. पेट्रोल ती हळूहळू धुऊन नेतं. मग गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की नळी वाळते, आकसते. हवेतला ऑक्सिजन रबराच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधत जातो, ओझोन पृष्ठभागावर बारीक भेगा पाडतो. रसायनशास्त्रातला ढोबळ ठोकताळा सांगतो की तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा प्रक्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो. इंजिनाच्या कप्प्यात तर उष्णतेला तोटाच नसतो.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. ऐंशीच्या दशकातल्या नळ्या आणि सील त्या काळच्या पेट्रोलसाठी बनवलेले होते. इथेनॉलमुळे जुनं रबर फुगतं आणि मऊ पडतं. भारतात पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळू लागल्यापासून मुंबई-पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांनाही हा प्रश्न टाळता येत नाही. उपाय साधा आहे: आतून फ्लोरोइलास्टोमरचा थर असलेल्या नव्या नळ्या घालायच्या आणि प्रत्येक नळीवर छापलेली निर्मितीची तारीख वहीत नोंदवून ठेवायची.

नळीला भेग पडली की पुढे काय होतं, ते आतल्या दाबावर अवलंबून असतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब एका बारच्या जेमतेम पाव भाग असतो, त्यामुळे गळती थेंबाथेंबाने होते. ऐंशीच्या दशकातल्या कित्येक गाड्यांमध्ये मात्र बॉशची के-जेट्रॉनिक ही यांत्रिक इंजेक्शनची पद्धत होती, आणि तिच्यात पाच बारच्या आसपास दाब असतो. एवढ्या दाबाखाली सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातूनही पेट्रोलचा फवारा उडतो. त्यातल्या असंख्य कणांचा एकत्रित पृष्ठभाग थेंबाच्या कितीतरी पट असल्याने पेट्रोलची क्षणात वाफ होते. हवेत दीड ते साडेसात टक्के वाफ मिसळली की मिश्रण पेटायला तयार. ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते, म्हणून ती उडून न जाता गाडीच्या तळाशी साचते. सैल वायरची एक ठिणगी तिला पुरते.

तापलेल्या धातूवर मात्र पेट्रोलपेक्षा इंजिन ऑइल लवकर पेटतं, हे अनेकांना माहीत नसतं. एक्झॉस्टच्या लालबुंद नळीवर पडलेलं पेट्रोल झटकन उकळतं आणि त्याची वाफ वरच्या वर निघून जाते. ऑइल चिकटून बसतं, तापत राहतं आणि पेट घेतं. म्हणून टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून पाझरणारं ऑइल 'थोडंसं गळतंय, चालेल' म्हणून सोडून देण्यासारखं नसतं.

इंजिन चालकाच्या पाठीमागे असल्याने धोका आणखी वाढतो. बंद कप्प्यात हवा कमी खेळते, आणि पेटलेलं चालकाला उशिरा कळतं. बऱ्याचदा मागून येणारी गाडी हॉर्न वाजवते तेव्हाच. शिवाय गाडी दामटून थांबवली की समोरून येणारा वारा बंद होतो, पाणी फिरायचं थांबतं आणि साठलेली उष्णता कप्प्यात पसरते. त्यामुळे इंजिन बंद केल्यावरही काही मिनिटं तिथलं तापमान चढतच राहतं.

देखभाल आणि आग यांचं नातं फेरारीच्या एफ३५५इतकं स्पष्ट फार थोड्या गाड्यांत दिसतं. १९९४ ते १९९९ या काळात बनलेल्या या गाडीत साडेतीन लिटरचं व्ही८ इंजिन आहे आणि प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह आहेत. टायमिंग बेल्ट दर तीन ते पाच वर्षांनी बदलावा लागतो, आणि त्यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. खर्च मोठा, म्हणून मालक चालढकल करतो. तुटलेल्या बेल्टमुळे व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनाचा सत्यानाश होतो, ही भीती त्याला ठाऊक असते. लक्षात येत नाही ती दुसरी गोष्ट: इंजिन उतरवलं तरच मागच्या अवघड जागेतल्या नळ्या, क्लिपा आणि वायरिंग डोळ्यांना नीट दिसतं. बेल्ट लांबणीवर पडला की ही तपासणीही लांबते.

याच गाडीच्या सुरुवातीच्या इंजिनांमध्ये व्हॉल्व्हचे ब्राँझचे गाइड लवकर झिजायचे, आणि एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डला तडे जायचे. झिजलेल्या गाइडमधून ऑइल जळणाच्या कक्षेत उतरतं, प्लग खराब होतो, सिलिंडर मिस मारू लागतो. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पोचून तिथे जळतं. एरवी चारशे ते आठशे अंशांवर चालणारा कन्व्हर्टर मग लाल होऊन तळपू लागतो आणि भोवतालचं इन्सुलेशन करपतं. अशा वेळी डॅशबोर्डवर 'स्लो डाउन' असा दिवा लागतो. दुर्दैवाने तापमान मोजणारा छोटा इलेक्ट्रॉनिक डबा बिघडला तरी हाच दिवा लुकलुकतो. खोट्या इशाऱ्यांना कंटाळलेला मालक एके दिवशी खऱ्या इशाऱ्याकडेही काणाडोळा करतो. तो डबा वेळेवर बदलणं हे या सगळ्यातलं सर्वांत स्वस्त काम आहे.

नव्या गाड्याही उष्णतेपुढे हतबल झालेल्या आहेत. २०१० मध्ये काही फेरारी ४५८ इटालिया पेटल्या. चाकाच्या कमानीतलं उष्णतारोधक आवरण चिकटवायला वापरलेला गोंदच तापून पेट घेत होता. कंपनीने १,२४८ गाड्या परत बोलावल्या आणि गोंदाऐवजी रिव्हेट ठोकले.

आग लागलीच तर काही सेकंदांचा खेळ असतो. चावी बंद करायची म्हणजे पेट्रोलचा पंप थांबतो, आणि माणसांनी आधी बाहेर पडायचं. इंजिनाचं झाकण सताड उघडलं तर ज्वाळांना भरपूर हवा मिळते. म्हणून ते किंचितच उचलून फटीतून फोम किंवा पावडर मारायची आणि तेवढ्यात विझली नाही तर लांब जायचं. लॅम्बोर्गिनी मिउरासारख्या गाडीची मॅग्नेशियमची चाकं पेटली तर पाणी मारणं घातक ठरतं, कारण तापलेलं मॅग्नेशियम पाण्यातून हायड्रोजन मोकळा करतं.

या गाड्यांवर वर्षानुवर्षं काम केलेला मेकॅनिक इंजिन पुन्हा चढवल्यावर लगेच स्टार्टर मारत नाही. तो आधी नुसता पंप चालवून लाइनमध्ये दाब भरतो आणि प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद धरतो. दहा मिनिटं थांबतो, टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटत जातो, क्लिपांवरून बोट फिरवतो, ते बोट नाकाशी नेतो. कागद कोरडा आणि बोटाला वास नाही, अशी खात्री झाल्यावरच तो चावी फिरवतो. मग इंजिन गरम होऊन थंड होईपर्यंत वाट पाहतो आणि तोच कागद घेऊन पुन्हा गाडीखाली शिरतो.