हंगामातले फोटो : कोणते काढावेत, कोणते टाळावेत



गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या शेतकी विभागाच्या मोबाईलवर फोटोंची रीघ लागते. कुणी तोडचिठ्ठीचा फोटो पाठवतो, कुणी लोळलेल्या उसाचा, तर कुणी उसाला आलेल्या तुऱ्याचा. तुऱ्याचे फोटो सर्वांत जास्त. सकाळचं कोवळं ऊन, पांढरेशुभ्र तुरे आणि मागे शिवनेरी. खाली लिहिलेलं असतं, "साहेब, कसा वाटला?" आता काय सांगावं? फोटो झकास, पण तुरा आला म्हणजे उसाची वाढ थांबली. पुढे तोड लांबली तर कांडी पोकळ पडू लागते आणि वजन घटते. डोळ्याला गोड, काट्यावर कडू. म्हणून आम्ही उत्तर देतो, "फोटो छान. लागणीची तारीख कळवा."

या फोटोंवरूनच चार शब्द लिहावेसे वाटले.

आमच्या लहानपणी घरात फोटो म्हणजे सणासारखी गोष्ट होती. ज्यांच्याकडे आगफा क्लिक थ्री कॅमेरा असे त्यांचा गावात मान होता. 120 नंबरचा रोल, त्यात फोटो बारा. बारा म्हणजे बाराच. एक लग्नाचा, एक नव्या बैलजोडीचा, एक लेण्याद्रीच्या पायऱ्यांवरचा. रोजच्या कामाचा फोटो कोण काढणार? रोल वाया जायचा. आता खिशातल्या मोबाईलमध्ये हजारो फोटो मावतात, तरी सवय मात्र बारा फोटोंचीच राहिली. आपण लग्न, जत्रा, नवा ट्रॅक्टर यांचे फोटो काढतो. रोजचं घर आणि रोजचं शिवार तसंच राहून जातं.

याचा चटका एकदा आम्हाला बसला. आमच्या गटातले एक जुने सभासद वारले. वारस नोंदीच्या कागदपत्रांसाठी त्यांचा मुलगा कार्यालयात आला. दशक्रियेच्या फलकासाठी वडिलांचा फोटो घरात सापडेना, म्हणून आधार कार्डावरचाच मोठा करून घेतला, असं तो सांगत होता. कार्डावर डोळे ताणलेले, टोपी काढलेली. "हे आमचे तात्या वाटतच नाहीत, साहेब," तो म्हणाला. आम्ही त्यांच्या बांधावर किमान पन्नास वेळा गेलो असू. आमच्या मोबाईलमध्ये त्यांच्या उसाचे फोटो निघाले, मोजले तर तेवीस. त्यात तात्या एकातही नव्हते. एका फोटोच्या कडेला त्यांचा हात तेवढा दिसतो, उसाचं पान धरलेला. मुलाने तोच फोटो मागून घेतला.

तेव्हापासून आम्ही स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे. फड पाहायला गेलो की एक फोटो उसाचा आणि एक फडाच्या मालकाचा. सभासदांनीही या हिवाळ्यात ती पाळावी.

घरचे फोटो

थंडीचे दिवस फोटोला चांगले. सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, सकाळ-संध्याकाळचं ऊन सौम्य असतं. भर दुपारी टोपीची नाहीतर पदराची सावली पडून चेहरा काळा येतो, ती वेळ टाळावी. सूर्य आपल्या पाठीशी ठेवावा, पण समोरच्याच्या डोळ्यांवर थेट ऊन नको. माणसाला "उभे राहा, हसा" म्हणू नये, ते काम करत असतानाच फोटो घ्यावा. आजोबा शेकोटीशी, आई जनावरांपुढे वाढे टाकताना, पोरं कानटोपी घालून शाळेला निघालेली, भोगीच्या दिवशी चुलीवर शिजणारी भाजी. आज यात विशेष काही वाटणार नाही. दहा वर्षांनी वाटेल.

आपल्याकडे तोडणीला आलेली माणसं ही हंगामाची पाहुणी असतात. त्यांचे फोटो विचारूनच काढावेत. कोपीसमोर अंघोळ-स्वयंपाक चालू असताना मोबाईल धरणं बरं नव्हे. मात्र जोडप्याने हौसेने फोटो काढून घेतला, तर नारायणगाव-मंचरला जाल तेव्हा त्याची एक प्रत छापून त्यांच्या हाती द्यावी.

शिवाराचे फोटो

शिवारात एक जागा ठरवा. बांधावरचा लिंब असेल, विहिरीचा कठडा असेल. दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून, त्याच दिशेने एक फोटो घ्या. गट नंबर, जात, लागणीची तारीख लिहून ठेवा. पूर्वहंगामी लागणीत नांग्या कुठे पडल्या, खोडव्याला फुटवा कुठे कमी, कुठल्या सरीला पाणी पोचत नाही, हे अशा फोटोंत एका ओळीने दिसतं. पाचट जाळलेलं रान आणि पाचट ठेवलेलं रान यांचे दोन-तीन हंगामांचे फोटो शेजारी ठेवून पाहा, आमच्या भाषणाची गरज राहणार नाही.

रोग-किडीचा सल्ला हवा असेल तर पानाची पाठ दाखवा. तांबेऱ्याचे फोड असोत की लोकरी मावा, खरी खूण पानाच्या खालच्या बाजूला सापडते. लांबून काढलेल्या हिरव्या रानावरून आम्ही निदान करू शकत नाही.

याच दिवसांत पाखरंही येतात. शेपटी खालीवर हलवत ओल्या सरीतून पळणारा धोबी हा थंडीचा पाहुणा आहे. ज्वारीवर उतरणारे भोरड्यांचे थवे सर्वांना ठाऊक आहेत. धरणांच्या फुगवट्याला नारिंगी रंगाचे चक्रवाक जोडीने दिसतात. यांचे फोटो घ्यायला पोरांना जरूर सोबत न्यावं. जवळ जाऊन पाखरं उठवू नयेत, थोडं थांबावं. धोबी तर पाणी देणाऱ्याच्या पायाशी आपणहून येतो.

जिथे मोबाईल खिशात ठेवावा

आपल्या खोडदला जी. एम. आर. टी. ची दुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. त्या आकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओ लहरी टिपतात. जवळ चालू असलेल्या मोबाईलने त्या कामात व्यत्यय येतो, म्हणून तिथे तो बंद ठेवावा लागतो. फोटो न काढण्यालाही कारण असतं, ते असं. उसाच्या फडातही अशी एक वेळ येते, आणि तिथे प्रश्न जिवाचा असतो.

काही हंगामांपूर्वी एका फडात तोड चालू असताना बिबट्याची दोन पिल्लं सापडली. आम्ही पोचलो तेव्हा पन्नासेक माणसं जमली होती. पिल्लं या हातातून त्या हातात जात होती, लहान मुलांच्या मांडीवर ठेवून फोटो चालले होते. खोटं कशाला बोला, आम्हीही मोबाईल बाहेर काढला होता. इतक्यात टोळीच्या मुकादमाने राहिलेल्या उसाकडे बोट दाखवलं. "साहेब, आई कुठं गेली असंल?" अंगावर काटा आला. सहा-सात गुंठे ऊस उभा होता, पोरं त्याच्या कडेला खेळत होती.

वन विभागाचे लोक आले. त्यांनी पहिलं काम केलं ते गर्दी हटवण्याचं. पिल्लं तपासली, संध्याकाळी होती त्याच जागी ठेवली, जवळ आपोआप फोटो घेणारा कॅमेरा लावला आणि सगळ्यांना घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो दाखवला. अंधारात मादीने पिल्लू तोंडात धरलेलं. तिथे माणूस नव्हता, म्हणूनच तो फोटो मिळाला.

असे कॅमेरे शास्त्रीय कामालाही येतात. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. त्यावरून शेजारच्या अकोले तालुक्यातील शेतीच्या भागात बिबटे मोजले गेले. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 मोठे बिबटे आढळले. म्हणजे हे जनावर आपल्या उसातच राहतं, हे धरूनच चालावं लागेल.

आपल्या भागात बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. त्या घरांचं दुःख आम्ही जाणतो. म्हणूनच हे कळकळीने लिहितो आहोत. पिल्लं सापडली तर :

1. तोड ताबडतोब थांबवावी. पिल्लांना हात लावू नये, फोटोसाठी उचलू नये.
2. बायामाणसं व मुलं यांना प्रथम बाहेर काढावं. एकट्याने उभ्या उसात शिरू नये.
3. वन विभागाला 1926 या क्रमांकावर कळवावं. जुन्नरजवळ माणिकडोह येथे वन विभागाचं बिबट निवारा केंद्र आहे. त्या कामाची जाण असलेली माणसं आपल्याजवळच आहेत.
4. आपल्या गट कार्यालयाला सांगावं, म्हणजे टोळी दुसऱ्या फडात वळवता येईल. एक-दोन दिवस तोड थांबल्याने फारसं बिघडत नाही. पिल्लं हलवली आणि आई त्यांना शोधत शिवारात फिरत राहिली, तर मात्र सगळ्या वस्तीला धोका.

असो. हंगाम संपेल, फड मोकळे होतील. त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला एकदा बांधावर घेऊन जा. टोपी-फेटा डोक्यावर असू द्या, हातात पान नाहीतर विळा असू द्या. एक फोटो काढा, तो छापून घ्या, मागे तारीख आणि शिवाराचं नाव लिहा. आम्ही फड पाहायला येऊ तेव्हा तो आम्हालाही दाखवा.

— ऊस विकास अधिकारी