घराचा नकाशा काढण्याआधी

घरकुलाचा हप्ता आला की आपण आधी गवंडी गाठतो. आर्किटेक्ट मात्र नकाशा काढण्याआधी जागेवर येऊन माती बघतो. आपल्या उमरग्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्यातच थांबला तर भिंतीला तडे जाणारच. म्हणून मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदायचं.

मग भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या घरोघरी अजून सांगतात. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. सास्तूर तेव्हा आपल्याच तालुक्यात होतं. घरांच्या भिंती दोन-दोन फूट जाड, पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये माती आणि दगडगोटे. दोन्ही थर धरून ठेवणारा लांब आडवा दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. वर माळवद. गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षं माती चढवलेली. हादऱ्याने भिंती फुटल्या नि तो सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. भिंत जाड म्हणजे घर पक्कं, असंच आपल्याकडे समजत होते!

म्हणून आता दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींवर सलग फिरणारा, सळ्या घातलेला काँक्रीटचा पट्टा हवाच.

चूल कुठे, धूर कुठून जाणार, ज्वारीची पोती, शेळ्या, मोरीचं पाणी, हेही त्याने विचारायला हवं. उत्तरं बाईकडे असतात आणि विचारतात घरधन्याला. त्या बोलण्याला आपण स्वतः बसू या. पट्टा भरतानाही समोर उभ्या राहा. गिलावा झाल्यावर तो दिसत नाही.