किल्ली कोणाकडे?

आमच्या गावच्या वाचनालयाला कुलूप लागले तो दिवस नेमका कोणता, हे आज कोणालाच सांगता येत नाही. ग्रंथपाल चाचा आजारी पडले. चार दिवस बंद राहील, असे म्हटले गेले. मग पाऊस सुरू झाला, आणि पुढे अकरा महिने दार उघडलेच नाही. शाळेत जाता-येता मी रोज त्या दारावरून जात होते. दारावर मराठी आणि उर्दू अशी दोन भाषांतली पाटी आहे, त्यातली उर्दू अक्षरे पुसट होत चालली होती. तेव्हा मीही इतरांसारखीच म्हणत असे, "जमातीने काहीतरी करायला हवे." जमातीत आपणही येतो, हे तेव्हा सुचले नाही.

गाव आमचे रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीकाठचे. पूर्वी इथली माणसे बोटीवर कामाला जायची, नंतर आखातात जाऊ लागली. हे वाचनालय त्या बोटीवरच्या पिढीने वर्गणी काढून उभे केले. एक मोठी खोली, पुढे पडवी, सहा लाकडी कपाटे. दोन कपाटे उर्दूची, बाकी मराठीची. लहानपणी इब्ने सफीच्या कादंबऱ्यांसाठी आम्हा भावंडांची भांडणे होत, आणि साने गुरुजी मी याच पडवीत बसून वाचले.

बारावीतली एक मुलगी एक दिवस शाळेच्या फाटकाशी थांबली होती. म्हणाली, "टीचर, वाचनालयाची किल्ली कोणाकडे असते?" तिला पुस्तक नको होते, बसायला जागा हवी होती. घरी दोन खोल्या, धाकटी तीन भावंडे, टीव्ही आणि येणारे-जाणारे पाहुणे. मी म्हटले, विचारून सांगते. चाचांनी किल्ली मुलाकडे दिली होती, मुलाने मेहुण्याकडे, आणि मेहुणा किल्लीसकट मुंबईला डोंगरीत! आठ दिवसांनी कोणाच्या तरी डब्याच्या पिशवीतून ती रेल्वेने परत आली.

दार उघडले तेव्हा आत ओल्या कागदाचा वास कोंडला होता. कोकणातला एक पावसाळा बंद खोलीचे काय करतो हे आपल्या वाचकांना सांगायला नको. खालचा कप्पा वाळवीने पोखरला होता, वरची पुस्तके एकमेकांना चिकटली होती. शिलाईकाम करणारी आमची भाभी आणि मी, दोघींनी तीन रविवार पुस्तके पडवीत उन्हाला टाकली. येणारे-जाणारे थांबून बघत. निवृत्त एसटी कंडक्टर असलेले एक चाचा असेच बघत थांबले आणि मग खाली बसून पाने सुटी करू लागले. आमचे स्वयंसेवक मंडळ म्हणतात ते इतकेच होते.

बऱ्याच जणांना वाटते की सरकारमान्य वाचनालय म्हणजे सरकारच चालवणार. तसे नाही. आपल्याकडे वाचनालयाचा कायदा जुना आहे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच असा कायदा केला, आणि महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. या कायद्यानुसार गावोगावची वाचनालये नोंदणीकृत संस्था चालवतात आणि सरकार अनुदान देते. वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. गावातली बहुतेक छोटी वाचनालये ड वर्गात असतात, आमचेही आहे. ड वर्गाला वर्षाला ३० हजार रुपये मिळत. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने ६० टक्के वाढीचा निर्णय घेतला, म्हणजे ते ४८ हजार झाले. यातली निम्मी रक्कम पगारासाठी. वर्षाचे २४ हजार, महिन्याचे दोन हजार. आमचे चाचा वाढीच्या आधीपासून, त्याहूनही कमी पैशात रोज संध्याकाळी दिवा लावून बसत होते. ते आजारी पडल्यावर दुसरा माणूस का मिळाला नाही, हे या आकड्यातच आहे. आणि दार बंद राहिले तर अनुदान जाते, पुढे मान्यताही जाऊ शकते. एकदा गेलेली मान्यता परत मिळवणे सोपे नसते.

म्हणून पगारी माणूस मिळेपर्यंत आळीपाळीने बसायचे ठरले. सात वार, सात नावे. कागद दाराला चिकटवला आणि मोठे काम केल्यासारखे सगळे घरी गेलो. तिसऱ्या आठवड्यात सातातली तीनच नावे उरली. कोणाला आळशी म्हणायचे कारण नाही. भाताची लावणी आली, एका घरी लग्न निघाले, रिक्षावाल्या भावाला भाडी लागली. पण खरी अडचण वेगळी होती. ज्याचा वार त्याच्याकडे किल्ली, आणि तो आला नाही की दारात आलेली मुले परत. दोनदा परत गेलेले मूल तिसऱ्यांदा येत नाही, हे आम्हा शिक्षकांना वर्गातही कळते.

अशा वेळी मला भिलार आठवले. दोन वर्षांपूर्वी आठवीची सहल घेऊन आम्ही पाचगणी-महाबळेश्वरला गेलो होतो, तेव्हा वाटेत हे गाव पाहिले होते. स्ट्रॉबेरीचे गाव. ४ मे २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव' झाले. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावावरून ही कल्पना घेतली. फरक इतकाच की तिथे पुस्तकांची दुकाने आहेत, भिलारला पुस्तके फुकट वाचायची. राज्य मराठी विकास संस्थेने पुस्तके दिली, आणि गावकऱ्यांनी त्यांच्यासाठी आपल्या घरातल्या जागा दिल्या. सुरुवात २५ ठिकाणी सुमारे १५ हजार पुस्तकांनी झाली. एका घरात बालसाहित्य, दुसऱ्यात इतिहास, तिसऱ्यात कविता, कुठे दिवाळी अंक. आमची मुले बालसाहित्याच्या घरात अशी रमली की बस सुटायची वेळ झाली तरी उठेनात.

तेव्हा मला त्या भिंतीवरच्या चित्रांचेच कौतुक वाटले होते. आता वेगळेच लक्षात आले. तिथे पुस्तके माणसांच्या घरात आहेत. घरात कोणीतरी असतेच, म्हणून दारही उघडे असते. आमचे वाचनालय सगळ्या गावाचे, म्हणून ते कोणाच्याच घरात नाही. केरळात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. पी. एन. पणिक्कर या शिक्षकाने १९४५ साली अंबलपुझा येथे ४७ ग्रामीण वाचनालयांना एकत्र आणले. आज तिथे घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर गोळा होतो. आपल्याकडे असा उपकर नाही. तो यावा असे मला वाटते, पण तोवर आमच्या दाराचे काय?

आम्ही किल्ली वाचनालयासमोरच्या किराणा दुकानात खिळ्याला टांगली. दुकान सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत उघडे असते. दुकानदार भाईंनी एवढेच म्हटले, "मी आत बसणार नाही, पण दार उघडून देईन." पुरेसे होते. दुसरे, एका वाराला एकाऐवजी दोन नावे लावली. एकाला जमले नाही तर त्याने दुसऱ्याला फोन करायचा, सगळ्या गावाला नाही.

वेळेवरून मात्र वाद झाला. जुनी वेळ मगरिबनंतरची, संध्याकाळी. त्या वेळी पुरुष मंडळी पेपर वाचायला येत. बायका-मुलींना ती वेळ सोयीची नाही. आम्ही दुपारी साडेतीन ते सहा असे सुचवले, तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, "मग आमचा पेपर?" त्यांचे चूक नव्हते. आखातातून परतलेल्या, मुले बाहेरगावी असलेल्या माणसाला संध्याकाळची ती पडवीच सोबत असते. शेवटी दोन्ही वेळा ठेवल्या. दुपार बायकांनी सांभाळायची, संध्याकाळ पुरुषांनी. काम दुप्पट झाले. त्या बुजुर्गांना अजूनही दुपारची वेळ वायफळ वाटते, आणि ते अजूनही रोज संध्याकाळी येतात.

आखातातल्या आमच्या भावांनी पैसे पटकन पाठवले. छपराचे पत्रे, दोन पंखे, ट्यूबलाइट एका महिन्यात झाले. अल्लाह त्यांना जझा देवो. एकाने सीसीटीव्हीसाठीही पैसे देऊ केले. मी म्हटले, पुस्तक चोरून न्यावे इतकी कोणाला गोडी लागली तर मी स्वतः मिठाई वाटेन. पुस्तकांच्या देणग्यांबद्दल मात्र स्पष्ट लिहिते, रागावू नका. गोणी भरून येतात त्या जुन्या अभ्यासक्रमाच्या गाइडांच्या, फाटक्या वह्यांच्या. घर आवरताना जे रद्दीत द्यायचे ते वाचनालयाला देऊ नये. आम्हाला हवी असतात स्पर्धा परीक्षांची चालू पुस्तके, लहान मुलांची चित्रांची पुस्तके, आणि खरे सांगायचे तर पाककृतींचीही. बायका पहिल्यांदा त्याच निमित्ताने आल्या.

उर्दूच्या दोन कपाटांचा प्रश्न सुटलेला नाही. आमच्या मुलांपैकी निम्मी आता इंग्रजी माध्यमात जातात. ती मराठी वाचतात, उर्दू बोलण्यापुरतीच. आणि घरातल्या दादी-नानींपैकी काहींना उर्दू वाचता येते, मराठी नाही. शनिवारी दुपारी एक दादी येतात, चष्मा पुसतात आणि मोठ्याने वाचू लागतात. चार-पाच मुले ऐकतात. अडलेल्या शब्दाचा अर्थ मी मराठीत सांगते. दर शनिवारी हे होतेच असे नाही. दादींचे गुडघे दुखतात.

किल्ली विचारणारी ती मुलगी आता चिपळूणला कॉलेजात आहे. सुट्टीत घरी आली की रविवारी दुपारी तीच बसते. पगारी ग्रंथपाल अजून मिळालेला नाही, दोन हजारांत मिळेल असेही दिसत नाही. पाऊस लागायच्या आत कपाटांचे पाय डांबराने रंगवायचे आहेत आणि खालचा कप्पा रिकामा करायचा आहे. गुरुवारी दुपारी सध्या एकच नाव आहे, दुसरे हवे आहे. आमच्या गावचे कोणी हे वाचत असेल तर किल्ली दुकानात खिळ्यालाच आहे.