याजकाच्या माथी मारलेलं सोवळं

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याचा विषय निघाला की पाठोपाठ एक वाक्य हमखास येतं: ‘याजक बाजूने निघून गेला, कारण प्रेताला शिवून विटाळ झाला असता तर त्याला मंदिरात सेवा करता आली नसती.’ हे प्रवचनात येतं, संडेस्कूलमध्ये येतं आणि सर्वधर्मसमभावाच्या भाषणात तर येतंच येतं. सांगणारा इतक्या खात्रीने सांगतो, की लूकनेच ते लिहून ठेवलं असावं असं वाटतं. लूकने ते लिहिलेलं नाही. दहावा अध्याय काढा आणि पंचविसाव्या वचनापासून सदतिसाव्यापर्यंत वाचा. लुटारूंनी मारून वाटेवर टाकलेला एक माणूस पडला होता. याजक आला, त्याने त्या माणसाला पाहिलं आणि तो दुसऱ्या बाजूने चालता झाला. लेव्यानेही तेच केलं. का, याबद्दल एक अक्षर नाही.

बरं, लिहिलेलं नसलं तरी अंदाज म्हणून तरी ते टिकतं का? आधी दिशा पाहा. गोष्ट यरुशलेम-यरीहो रस्त्यावर घडते. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे, तर यरीहो सपाटीच्याही अडीचशे मीटर खाली. याजक ‘त्या वाटेने खाली जात होता’ असं लूक सांगतो, म्हणजे मंदिर त्याच्या पाठीमागे होतं. याजकांचे २४ वर्ग पाळीपाळीने मंदिरात सेवा करत. खाली उतरणाऱ्याला सेवा चुकण्याची धास्ती कसली?

शिवाय वाटेवरचा माणूस मेलेला नव्हता, अर्धमेला होता. जिवंत माणसाला हात लावायला कोणत्याही नियमशास्त्राची आडकाठी नव्हती. पण समजा, तो मेला असंच त्यांना वाटलं. लेवीय पुस्तकाच्या २१व्या अध्यायातली प्रेताची बंदी अहरोनाच्या वंशातल्या याजकांना आहे, लेव्यांना नाही. मग लेवी का थांबला नाही? आणि याजकाला तरी मोकळीक कुठे होती? मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाच्या ‘नाझीर’ या भागात सातव्या अध्यायाची सुरुवातच या प्रश्नाने होते. महायाजकाने सख्ख्या नातलगाच्या प्रेतालाही शिवायचं नाही, पण वाटेवर बेवारस प्रेत आढळलं तर त्याला माती द्यायची, असं तिथे स्पष्ट आहे. मिश्ना इ.स. २००च्या सुमारास संकलित झाली, म्हणजे येशूनंतर, असा आक्षेप कुणी घेईल. रास्त आहे. पण बेवारस यहुद्यांना जिवावर उदार होऊन पुरणाऱ्या तोबीताचं पुस्तक येशूच्या आधीच्या काळातलं आहे. (कॅथलिक वाचकांच्या बायबलमध्ये ते पुस्तक सापडेल, प्रोटेस्टंटांच्या नाही.)

याजकापुरता हा मुद्दा काही अभ्यासक अजून लढवतात, हे मान्य. मात्र शोमरोन्याचं काय करायचं? शोमरोनीही मोशेची पाच पुस्तकं मानत. प्रेताला शिवणारा सात दिवस अशुद्ध, हा गणना पुस्तकातला नियम त्यालाही लागू होता. विटाळच आड येत असता तर तिघांच्याही आला असता. एमी-जिल लव्हाईन या स्वतः यहुदी असलेल्या नव्या कराराच्या अभ्यासक हे सगळं तपशीलवार मांडत आल्या आहेत, तरी व्यासपीठावरची गाडी त्याच रुळावरून धावते.

आपल्याकडे ही समजूत इतकी पक्की का बसली, याचं मला एक कारण दिसतं. रामेश्वराला वाहायची गंगा तहानेल्या गाढवाच्या तोंडात ओतणारे एकनाथ आपल्याला लहानपणीच भेटलेले असतात. शोमरोन्याची गोष्ट ऐकताच ती त्याच खणात जाऊन पडते: एकीकडे सोवळं, दुसरीकडे माणुसकी. एकनाथांच्या गोष्टीत सोवळ्याचा प्रश्न खरोखरच आहे. इथे तो आपण घातला. त्यात यहुदी धर्म फुकटचा निर्दय ठरतो आणि ऐकणारा सुटतो, कारण कर्मकांड न मानणारा प्रत्येकजण मनातल्या मनात शोमरोनी होऊन घरी जातो.

येशूच्या श्रोत्यांना अशी सुटका नव्हती. याजक, लेवी यांच्यानंतर तिसरा येणार तो साधा यहुदी, अशीच त्यांची अपेक्षा असणार. आला वैरी. शोमरोन्यांनी वल्हांडणाच्या सणात यरुशलेमच्या मंदिरात माणसांची हाडं टाकल्याचं योसेफस या यहुदी इतिहासकाराने नोंदवलं आहे. लूकच्याच नवव्या अध्यायात शोमरोन्यांचं एक गाव येशूला उतरू देत नाही, तेव्हा याकोब आणि योहान त्यावर आकाशातून अग्नी पाडायला निघतात. पुढच्याच अध्यायात त्या जमातीतला एकजण जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओततो, जखमीला स्वतःच्या जनावरावर बसवतो, रात्रभर त्याची काळजी घेतो आणि सकाळी दोन दिवसांच्या मजुरीइतके पैसे उतारशाळेच्या मालकाच्या हातावर ठेवतो.

मग ते दोघे का गेले? मार्टिन ल्यूथर किंग यांनी ३ एप्रिल १९६८ रोजी, हत्येच्या आदल्या संध्याकाळी, मेंफिसच्या भाषणात म्हटलं होतं की ते कदाचित घाबरले असतील: लुटारू जवळपासच असतील, किंवा पडलेला माणूसच सोंग करत असेल. हाही अंदाजच, पण तो करण्यापूर्वी किंग त्या वळणावळणाच्या रस्त्याने गेलेले होते.

येशूच्या दाखल्यांविषयीचे बाकीचे गैरसमज थोडक्यात. दाखले अडाणी लोकांना समजावेत म्हणून सोपे केलेले आहेत, असं म्हणणाऱ्याने मार्कच्या चौथ्या अध्यायातली दहा ते बारा ही वचनं वाचावीत. तिथे येशू जवळजवळ उलटंच बोलतो. दाखला हा प्रकार येशूने काढला, हेही चूक: गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगून नाथानाने दावीद राजाला कोंडीत पकडलं ते कित्येक शतकं आधी. दाखल्यातल्या प्रत्येक वस्तूला गुप्त अर्थ असतो, ही सवय जुनी आहे. ऑगस्टीनने तर यरीहोचा चंद्र केला आणि उतारशाळेच्या मालकाचा पौल. १८८८मध्ये अॅडॉल्फ युलिशर या जर्मन अभ्यासकाने त्यावर जोरदार हल्ला चढवला, पण खोड गेलेली नाही. उधळ्या पुत्राची गोष्ट धाकट्यावर संपत नाही. थोरला अजून बाहेरच उभा आहे आणि तो आत गेला की नाही हे लूक सांगत नाही.

आणि हो, यरुशलेम-यरीहो रस्त्यावर यात्रेकरूंना ‘शोमरोन्याची उतारशाळा’ दाखवतात. तिथे आता जुन्या मोझेइकचं संग्रहालय आहे. मोझेइक जरूर बघा. उतारशाळा मात्र गोष्टीतली आहे.