ध्वनिमुद्रित स्वरचांचणीची तयारी

मैफलींत रंगणारा गवई स्वरचांचणींत, म्हणजे ज्याला आपण ऑडिशन म्हणतों तींत, मागें पडतो, याचें पुष्कळांना नवल वाटतें. रत्नागिरीस १९७७ सालीं आकाशवाणीचें केंद्र सुरू झालें, तेव्हांपासून हा प्रश्न इकडील गाणें शिकणाऱ्या घरांतहि येऊन बसला आहे. परीक्षकांना गाणें कळत नाहीं, हें उत्तर सोपें खरें. पण त्यानें पुढच्या खेपेची तयारी होत नाहीं.

या पद्धतीचा आरंभ १९५२ सालचा. नभोवाणीमंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या कारकिर्दींत कलावंतांची चांचणी घेऊन श्रेणी ठरविण्याची प्रथा पडली. अनेक कलावंतांनीं तिला विरोधहि केला. तथापि तिचें एक तत्त्व लक्षांत घेण्याजोगें आहे: परीक्षकांपुढें गायकाचें नांव येत नाहीं, केवळ आवाज येतो. चेहरा, हातवारे, श्रोत्यांची दाद हें सारें वजा होतें.

मग जें सांगावयाचें तें सुरांनींच सांगावें लागतें. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पांच; पण भूपांत गंधाराचें प्राबल्य, तर देशकारांत धैवताचें. मैफलींत हा भेद सावकाश उलगडला तरी चालतें. येथें पहिल्या दोनतीन आलापांतच राग उभा राहिला पाहिजे.

वेळेचा हिशेबहि आधींच करावा. समजा, १० मिनिटें गावयाचें आहे. विलंबित एकतालाची मात्रा ४ सेकंदांची धरली, तर १२ मात्रांचें आवर्तन ४८ सेकंदांचें होतें. म्हणजे द्रुत चीज न गातांहि तेरा आवर्तनें पुरीं होत नाहींत. तेव्हां अर्ध्या तासाची बढत घाईनें उरकण्यापेक्षां लय थोडी चढी धरून मोजकेंच मांडावें. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें ३ मिनिटेंच मिळत. तेवढ्यांतहि थोर गवयांनीं राग मांडले आहेत.

यापुढील तयारी घरच्या यंत्रावर करावी. मोबाईलमध्यें गोंगाट दाबण्याची सोय असल्यास ती बंद ठेवावी. ती एकसारख्या ध्वनीला गोंगाट समजते, आणि तंबोऱ्याचा नाद तर एकसारखाच असतो. आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोयहि नको. तिच्यामुळें हळुवार स्वर आणि खुला स्वर यांतील अंतर बुजतें. उघड्या भिंतींचा घुमारा गोधड्या टांगून कमी होतो. आपल्या कोंकणांत पावसाळी हवेनें तबल्याची पुडी उतरते. म्हणून गाण्यापूर्वीं तो पुन्हां मिळवून घ्यावा.

मुद्रण झाल्यावर मात्र लगेच ऐकूं नये. दुसरे दिवशीं, डोळे मिटून ऐकावें. प्रथम तो आवाज परका वाटेल. त्याला कारण आहे: गातांना आपण आपला आवाज कानांप्रमाणेंच कवटीच्या हाडांवाटेंहि ऐकतों, यंत्राला तो केवळ हवेंतून मिळतो. अर्थात् परीक्षक जें गाणें ऐकतात, तें गायकानें स्वतः कधींच ऐकलेलें नसतें! कोठें षड्ज उतरला, कोठें सम निसटली, तें येथेंच कळतें. चुकलेला तुकडा कापून जोडण्याचा मोह टाळावा. सारें पुन्हां गावें.

असा कठोर श्रोता जो स्वतःच्या घरीं बसवील, त्याला निकाल कोणताहि लागो, गाण्यांत तोटा व्हावयाचा नाहीं.