महागडी सायकल नंतर, आधी बसणं नीट करा

आजकाल आपल्या वस्त्यांतली मुलंही फजरच्या नमाजनंतर सायकली काढून हायवेला लागलेली दिसतात. कुणी मॅरेथॉन करून कंटाळलेला, कुणाला विहिरीत-तलावात पोहण्याची लहानपणापासून सवय. मग एक दिवस कुणीतरी ट्रायथलॉनचं नाव काढतो. आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, आणि तिन्ही एका दमात. गोव्यात २०१९ पासून जी मोठी स्पर्धा भरते, तिच्यात १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि वर २१.१ किलोमीटर धावायचं. मेहनतीचा खेळ आहे. आपली मुलं त्यात उतरतात, याचा आनंदच आहे.

पण यात एक गोष्ट आमच्या लक्षात आली आणि ती पालकांनाही सांगावीशी वाटते. आमचा एक माजी विद्यार्थी अब्बांना घेऊन घरी आला. म्हणाला, "सर, माझी सायकल जड आहे. ६० किलोमीटरनंतर गुडघा धरतो, स्पीड तर येतच नाही. कार्बनची घ्यावी लागेल." सायकल लाखाच्या पुढची. अब्बांचं छोटं दुकान. हप्त्यावर घ्यायची तर व्याजाचा प्रश्न, आणि बचत मोडायची तर धाकट्या बहिणीच्या फीचा. बिचारे दोन्हीकडून अडकलेले.

आम्ही त्याला म्हटलं, बेटा, आधी अंगणात सायकलवर बसून दाखव. तो बसला. सीट इतकी खाली की पॅडल वर आलं की गुडघा पोटाला लागत होता. छाती मात्र उभी, शिडासारखी. सायकलचा दोष नव्हता, बसण्याचा होता.

हवा किती अडवते

सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने जाताना आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. सायकलचं वजन चढावर जाणवतं, सपाटीवर फार नाही. हवेचा हिशेब मात्र कडक आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि त्याच्याविरुद्ध लागणारी ताकद आठपट. या अडथळ्यातला सुमारे पाऊण वाटा आपल्या अंगाचा असतो, उरलेला सायकलचा. म्हणजे महागड्या फ्रेमने जे वाचतं, त्यापेक्षा कितीतरी जास्त नीट बसल्याने वाचतं.

आकड्यात पाहू. ब्रेकवर हात ठेवून, छाती वर करून बसलेल्या माणसाला ताशी ३० च्या वेगाला फक्त हवेसाठी साधारण १२५ वॅट ताकद लागते. तोच माणूस कोपरं टेकवून, पाठ सपाट करून नीट बसला तर साधारण ९० वॅट. ३५ वॅट वाचले, आणि तेही तीन तास. पुढे २१ किलोमीटर धावायचं आहे, तिथे ही वाचलेली ताकद पायांत शिल्लक राहते.

ऑलिम्पिकच्या ट्रायथलॉनमध्ये दुसऱ्याच्या मागे चिकटून, त्याच्या आडोशाने जाता येतं. गोव्यासारख्या लांब स्पर्धेत हौशी स्पर्धकांना ते चालत नाही. पुढच्या सायकलपासून १२ मीटरचं अंतर ठेवावं लागतं, नाहीतर पंच दंड करतात. इथे प्रत्येकाने आपली हवा आपणच कापायची.

याचं सर्वात गाजलेलं उदाहरण १९८९ च्या टूर द फ्रान्सचं. शेवटच्या दिवशी अमेरिकेचा ग्रेग लेमाँड फ्रान्सच्या लॉराँ फिन्योंपेक्षा ५० सेकंदांनी मागे होता. व्हर्साय ते पॅरिस २४.५ किलोमीटरची एकट्याने धावायची शर्यत. लेमाँडने ट्रायथलॉनवाल्यांचं कोपरं टेकवायचं हँडल लावलं होतं, फिन्योंने नाही. तीन आठवड्यांची ती शर्यत लेमाँडने एकूण ८ सेकंदांनी जिंकली. त्या दिवशी त्याचे पायही जोरात होते, पण त्या हँडलची चर्चा आजही होते.

सुरुवात सीटपासून

मुलं आधी हँडल खाली करतात. ही उलटी पद्धत झाली. आधी सीट, मग हँडल.

उंची अशी पाहा. सायकल भिंतीला टेकवा, पॅडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलायला नको. मग नेहमीसारखा चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप हलका वाक राहतो. दुसरी रीत मापाची. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहा, जांघेत एक पुस्तक घट्ट धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्या आकड्याला ०.८८३ ने गुणा. पॅडलचे दांडे जिथे फ्रेमला जोडलेले असतात, त्या मधल्या बिंदूपासून सीटच्या वरच्या बाजूपर्यंत साधारण तेवढं अंतर हवं. आमच्या विद्यार्थ्याचं माप ८२ सेंटीमीटर, म्हणजे सीट ७२.४ वर हवी. त्याची होती ६८ वर. चार सेंटीमीटरच्या वर कमी. गुडघा धरणार नाही तर काय होणार?

दुखणं कुठे आहे, यावरूनही चूक ओळखता येते. गुडघ्याच्या पुढे, वाटीपाशी दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे. गुडघ्याच्या मागे दुखत असेल किंवा कंबर डावी-उजवीकडे हलत असेल तर सीट वर आहे. बदल एकदम करू नका. अर्धा सेंटीमीटर वर घ्या, दोन-तीन दिवस चालवा, मग पुढचा. तरीही दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

मग पुढे-मागे. साध्या रेसिंग सायकलवर सीट जरा मागे असते. कोपरं टेकवून बसायचं तर ती थोडी पुढे सरकवावी लागते, नाहीतर मांडी पोटात घुसते आणि श्वास कोंडतो. सीट पुढे गेली की पॅडलपासूनचं अंतर थोडं घटतं, म्हणून ती किंचित वर घ्या. मात्र साध्या सायकलवर फार पुढे नेऊ नका, पुढच्या चाकावर भार येऊन सायकल लटपटते.

सीट सपाट हवी, पुढचं टोक फार तर किंचित खाली. एक गोष्ट मुलं लाजेने घरी सांगत नाहीत, म्हणून आम्हीच सांगतो. सायकल चालवताना खालचा भाग बधिर होत असेल तर ते सहन करायचं नाही. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दबल्याची ती खूण आहे. सीटचा कोन बदला, मधे खाच असलेली सीट वापरून पाहा. सीट बदलणं सायकल बदलण्यापेक्षा फार स्वस्त पडतं.

पाठ रुकूसारखी

कोपरं टेकवायची जोडपट्टी, म्हणजे एअरोबार, साध्या सायकलच्या हँडलवरही बसते. ती लावताना कोपर खांद्याच्या थोडं पुढे यावं आणि भार हाडांवर पडावा, खांद्याच्या स्नायूंवर नको. दहा मिनिटांत मान-खांदे भरून येत असतील तर पट्टी फार लांब किंवा फार खाली आहे.

पाठ कशी ठेवायची हे मुलांना समजावताना आम्हाला सोपं उदाहरण सापडलं. रुकूत आपण कुबड काढून वाकत नाही. खुब्यातून वाकतो आणि पाठ सपाट ठेवतो, हे मकतबमध्ये लहानपणीच शिकवलेलं असतं. इबादत ती इबादत, तिची बरोबरी कशाशीच नाही. पण शरीराचं वाकणं तेच आहे. सायकलवर कमरेतून कुबड काढून वाकलं तर पोट दबतं आणि कंबर दुखते. खुब्यातून वाकलं तर पाठ आपोआप खाली येते. डोकं खांद्यांच्या मधे, पण नजर रस्त्यावर.

सुरुवातीला पट्टी उंचच ठेवा. अर्धा तास आरामात बसता आलं की एक सेंटीमीटर खाली. जितकं खाली तितकं चांगलं, असं मुळीच नाही. फोटोत झकास दिसणारी बैठक २० किलोमीटरनंतर मोडली आणि माणूस उठून बसला तर फायदा शून्य. जी बैठक ९० किलोमीटर टिकते आणि उतरल्यावर धावू देते, तीच बरोबर.

कपडे आणि सतर

फडफडणारा कपडा हवा अडवतो. पण म्हणून सतर सोडायची गरज नाही. मुलांनी गुडघ्याखाली जाणारी अंगासरशी पँट घालावी. मुलींसाठी पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोशाख आणि त्यावर फार सैल नसलेला लांब टॉप. टॉप सीटच्या टोकात अडकत नाही ना, हे आधी पाहा. हिजाब पातळ, एकपदरी, बिनपिनांचा असावा. मागे गाठ नको, नाहीतर हेल्मेट नीट बसत नाही. पदर आत खोचलेला हवा. ओढणी किंवा सलवारीचा घोळ चेनमध्ये अडकून किती अपघात होतात, हे आपण सगळे जाणतो. सायकल उचलण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावलेला असणं स्पर्धेत सक्तीचं असतं, म्हणून ओल्या हिजाबावर हेल्मेट घालण्याचा सराव घरीच करा. पोशाखाचे नियम आयोजकांना नाव नोंदवतानाच विचारून घ्या.

आधी जीव

साध्या सायकलला जोडपट्टी लावली की कोपरं टेकलेली असताना हात ब्रेकवर नसतात. म्हणून गावातल्या रहदारीत, घाटाच्या उतारावर, खड्ड्यांच्या रस्त्यावर आणि घोळक्यात ही बैठक नको. मोकळा, सरळ, ओळखीचा रस्ता असेल तेव्हाच. पालकांनी एवढं जरूर विचारावं.

फरक पडला का, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. कुणाला तरी बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. एकाच रस्त्यावर, शक्य तर वारा नसताना, जाऊन-येऊन, तेवढाच जोर लावून वेळ मोजा. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत तारखेसह लिहा. जुन्या मापावर टेप चिकटवून ठेवा, म्हणजे चुकलं तर परत येता येतं.

आमच्या विद्यार्थ्याने महिनाभर असंच केलं. सीट हळूहळू वर घेतली, मग पट्टी लावली. गुडघ्याचं दुखणं गेलं, अल्हम्दुलिल्लाह. सायकल तीच आहे. परवा त्याचे अब्बा भेटले तेव्हा आम्ही विचारलं, एकूण खर्च किती झाला? म्हणाले, "सर, एक एलन की आणि ती कोपराची पट्टी. बच्चीची फी भरली."